बत्तीस सेकंद, हातात एक टाइमआउट आणि आमचा केलब

नेपरव्हिलकर
शुक्रवार, २९ नोव्हेंबर २०२४, सकाळी ७:४०

रात्री धड झोप लागली नाही, म्हणून हा धागा. ज्यांना अमेरिकन फुटबॉलशी देणंघेणं नाही त्यांनी खुशाल पुढच्या धाग्यावर जावं, राग मानणार नाही.

काल थँक्सगिव्हिंग. आमच्याकडे त्या दिवशी टर्की नसते, कोंबडी-वडे असतात. साडेअकराला आमच्या शिकागो बेअर्सची आणि डेट्रॉइट लायन्सची मॅच, डेट्रॉइटला. मध्यंतराला आम्ही ०-१६ ने मागे. सौ.ने विचारलं, "वाढू का?" म्हटलं वाढ, आता बघायचं काय राहिलंय.

हात धुवून परत येतो तर पोरगा (वय ११) सोफ्यावर उभा. आमचा नवा क्वार्टरबॅक केलब विल्यम्स, त्याने उत्तरार्धात तीन टचडाउन (चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे) काढले होते, दोन किनन अ‍ॅलनला, एक डीजे मूरला. २०-२३. साडेतीन मिनिटं राहिली असताना चेंडू आमच्याकडे आला तो आमच्याच १ यार्डाच्या रेषेवर, म्हणजे पाठ अगदी भिंतीला टेकलेली. दहा दिवसांपूर्वी तेवीस पूर्ण झालेल्या या पोराने तिथून चेंडू लायन्सच्या २५ यार्डापर्यंत नेला. तिथून किक बसली असती तर बरोबरी. मग एक पेनल्टी, दहा यार्ड मागे. मग सॅक, आणखी मागे. घड्याळात ३२ सेकंद. हातात एक टाइमआउट.

सॅक झाला की या खेळात घड्याळ थांबत नाही, थांबवायचं तर टाइमआउट मागावा लागतो. ३०... २४... १७... आमचे धिप्पाड गडी उठून, कपडे झटकून जागेवर येताहेत. कोच मॅट एबरफ्लुस कडेला हेडफोन लावून उभा. पोरगा टीव्हीला हात लावून ओरडतोय, "टाइमआउट! बाबा, टाइमआउट घ्या म्हणावं!" ६ सेकंद उरल्यावर चेंडू उचलला, केलबने लांब फेकला, पडला. खेळ खलास. टाइमआउट हातात तसाच, आणला आणि परत नेला.

सलग सहावा पराभव. ४-२ वरून ४-८.

आता मुद्द्याचं. मी २००६ पासून इथे आहे. पहिल्याच हिवाळ्यात बेअर्स सुपर बोलला (म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याला) गेले, इंडियानापोलिसकडून १७-२९ हरले, आणि मला वाटलं हे दर दोन-तीन वर्षांनी होत असेल. अठरा वर्षं झाली. माझ्या घरातलं कपाट उघडलंत तर बेअर्सचा इतिहास हँगरला टांगलेला दिसेल. ६ नंबर, जे कटलर (माझी). १० नंबर, मिच ट्रुबिस्की (पोरगा चार वर्षांचा होता तेव्हाची, आता टेडीच्या अंगात). १ नंबर, जस्टिन फील्ड्स. आणि आता १८ नंबर, केलब. फील्ड्सची जर्सी आखूड व्हायच्या आत फील्ड्सच गेला, म्हणून यंदा सौ.ने वाढत्या अंगाची घ्यायला लावली. खालून आत दुमडून टाके घातलेत, बाह्या कोपराच्या खाली येतात. वर मला सुनावलं, "पुढची घेशील ती पाठीवर नाव नसलेली घे."

माझी तक्रार केलबबद्दल नाहीच. तक्रार अशी की आम्ही दर वेळी नवीन पोरगा आणतो तो जुन्या मास्तरच्या शेवटच्या वर्षात. २०१७ ला ट्रुबिस्की आणला, जानेवारी २०१८ ला कोच जॉन फॉक्स गेला. २०२१ ला फील्ड्स आणला, जानेवारी २०२२ ला मॅट नॅगी गेला. २०२४ ला केलब, आणि एबरफ्लुसचं काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. पोरगं 'ग म भ न' गिरवतंय तोवर शाळाच बदलते, नवा मास्तर म्हणतो आमच्याकडे अक्षर असं काढत नाहीत, पुन्हा 'ग' पासून सुरू कर. तीन वर्षांनी म्हणायचं, पोरगं ढ आहे.

बोला.


चहाबाज
२९ नोव्हेंबर, सकाळी ८:२५

मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही पण टाइमआउटपर्यंत श्वास रोखून वाचलं. सॅक म्हणजे नक्की काय? आणि क्वार्टरबॅक म्हणजे आपला कप्तान का?


पेठेतला_गोलकीपर
२९ नोव्हेंबर, सकाळी ८:५१

भावा, फुटबॉल म्हंजे पायानं खेळायचा. काखोटीला मारून पळायचं आणि वर त्याला फुटबॉल म्हनायचं, ही कुठली रीत? आमच्या शाहू स्टेडियमवर असं कोन पळाला असता तर पब्लिकनं अंड्याएवढे दगड... जाऊ दे. 😀

पन दुखणं वळखीचं हाय. आमची तालीम कसली बी खेळू दे, पेठ सोडून दुसऱ्या टीमची पट्टी गळ्यात घालता येत न्हाई. घरात घेत न्हाईत. लिही तू, वाचतोय.


नेपरव्हिलकर
२९ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

@चहाबाज, थोडक्यात सांगतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलात तर आणखी चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याला. प्रत्येक प्रयत्नाला चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात येतो आणि कुणाला द्यायचा, कुणाला फेकायचा, हे तो ठरवतो. त्याच्यापुढे पाच आडदांड गडी भिंत करून उभे असतात, ती ऑफेन्सिव्ह लाइन. समोरून तेवढेच आडदांड ती भिंत फोडून याला लोळवायला येतात. भिंत टिकते साधारण अडीच-तीन सेकंद. तेवढ्यात पाच जण कुठे धावताहेत, कोण मोकळा आहे, हे बघून फेकायचं. फेकायच्या आत लोळवला, तर तो सॅक. यार्ड जातात, घड्याळ पळतं, बरगड्या शेकतात.

कबड्डीत साखळी तुटली की चढाईवाला कसा आत घुसतो, तसं समजा. फरक इतकाच की इथे साखळीच्या मागे हातात चेंडू घेतलेला एकटा पोरगा उभा असतो आणि घुसणारा सव्वाशे किलोचा असतो.

यंदा हे आमच्या केलबला दर मॅचला सरासरी चार-पाच वेळा भोगावं लागतंय. ह्यूस्टनला ७. पेट्रियट्सविरुद्ध, घरच्या मैदानावर, ९. मोजून नऊ. तिसऱ्यापर्यंत पब्लिक ओरडतं, सहाव्याला हसतं, नवव्याला गप्प होतं.

@गोलकीपर, पट्टी घालतोच आहोत. 😀


चीजवाला
२९ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

मिलवॉकीहून नमस्कार. धाग्यावर मीठ चोळायला आलोय, सहन करा.

१९९२ पासून आमच्या ग्रीन बे पॅकर्सचे मुख्य क्वार्टरबॅक सांगा: ब्रेट फार्व्ह, अ‍ॅरन रॉजर्स, जॉर्डन लव्ह. संपली यादी. बत्तीस वर्षं, तीन माणसं. तुमच्याकडचे मोजायला कॅल्क्युलेटर लागतो.

पण गंभीरपणे सांगायचं तर नेपरव्हिलकरांचा मुद्दा पटतो. रॉजर्सला २००५ मध्ये (दरवर्षी टीम्स कॉलेजातली पोरं फेरी-फेरीने निवडतात, त्यात) घेतला आणि तीन वर्षं बाकावर बसवला. लव्हला २०२० मध्ये घेतला, तोही तीन वर्षं बाकावर. तेव्हा आम्हीच बोंब मारली होती की पहिल्या फेरीतला पोरगा पाणी द्यायला आणलाय का. आता वाटतं, लोणचं मुरू दिलं म्हणून चवीला आलं. तुम्ही कैरी चिरली त्याच दिवशी ताटात वाढता आणि आंबट लागली म्हणून बरणी फोडता.


नेपरव्हिलकर
२९ नोव्हेंबर, दुपारी १२:२०

हाकलला! एबरफ्लुसला हाकलला!

आणि त्यातही आमच्या लोकांची तऱ्हा बघा. सकाळी त्याला पत्रकारांपुढे बसवलं, पुढच्या आठवड्याच्या मॅचबद्दल बोलायला लावलं, आणि दोन-एक तासांत नारळ दिला. शंभर वर्षांच्या इतिहासात या टीमने चालू हंगामात मुख्य कोच काढल्याचं हे पहिलंच उदाहरण. तेही धड जमलं नाही.

आता थॉमस ब्राउन हंगामी मुख्य कोच. हा माणूस महिनाभरापूर्वी पासिंगचं बघत होता. १२ नोव्हेंबरला आक्रमणाचा कोच शेन वॉल्ड्रनला काढलं तेव्हा हा त्या जागी आला, आणि सतरा दिवसांत मुख्य कोच. या वेगाने नाताळपर्यंत टीमचा मालक होईल.

केलबचा पहिला हंगाम, अजून डिसेंबर उजाडायचाय, आणि पोराने दोन कोच बघितले, दोन आक्रमणवाले बघितले. माझा मुद्दा मी मांडला सकाळी पावणेआठला, यांनी सिद्ध केला जेवायच्या आत.


जुनाखोड
२९ नोव्हेंबर, रात्री ९:१०

अरे बाळा, तुझे अठरा वर्षांचे दुःख वाचून हसू आले. मी शिकागोत १९७८ साली आलो. तेव्हा वॉल्टर पेटन होता. टीम हरायची, पण तो पळताना बघायला लोक यायचे. कुणी अंगावर आला तर बाजूला पळून सीमेबाहेर जायचा नाही, समोरच्यालाच धडक द्यायचा.

१९८५ चा हंगाम मी बघितला आहे. १५ जिंकल्या, १ हरलो. २६ जानेवारी १९८६ ला पेट्रियट्सला ४६-१० असे धुतले. दुसऱ्या दिवशी मिरवणूक होती. हाडे गोठवणारी थंडी, लाखो माणसे. माझ्या अंगावर आईने विणलेला स्वेटर, त्यावर कोट, त्यावर दुसऱ्याचा उसना कोट. ऑफिसातले साहेब म्हणाले होते, जाऊ नकोस, मरशील. गेलो. बसमध्ये कोण बसले होते ते काही दिसले नाही, नुसती वाफ दिसली.

त्याही टीमचा क्वार्टरबॅक जिम मॅकमहन काही देव नव्हता. पण त्याच्यापुढची भिंत पक्की होती आणि मागे पेटन होता. शिकागोने क्वार्टरबॅक असा घडवलाच नाही कधी. सिड लकमन म्हणून एक होता, तो १९४० च्या दशकात. १९४० च्या अंतिम सामन्यात वॉशिंग्टनला ७३-० हरवले तेव्हा तो होता. त्यानंतर आम्ही वाट बघतो आहोत. माझा जन्मसुद्धा तेव्हा झाला नव्हता.


आकडेमोड
३० नोव्हेंबर, सकाळी ११:४५

सगळे कोचवर घसरलेत म्हणून थोडं उलट बोलतो.

सॅक म्हणजे फक्त भिंतीचं पाप नव्हे. केलब चेंडू हातात जास्त वेळ ठेवतो. कॉलेजात, यूएससीला, तो मागे पळायचा, गिरकी घ्यायचा, सात सेकंदांनी कुणीतरी मोकळा सापडायचा आणि टाळ्या पडायच्या. २०२२ ची हाइझमन ट्रॉफी (कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूची) त्याच जोरावर आली. एनएफएलमध्ये, म्हणजे या व्यावसायिक लीगमध्ये, मागे पळालं की दहा यार्ड जातात, कारण इथे सव्वाशे किलोचा माणूसही वाऱ्यासारखा पळतो. चार यार्डांवर साधा मोकळा माणूस असताना हा चाळीस यार्डांवरचा बघत बसतो, आणि तो लांबचा चेंडू यंदा बहुतेक वेळा डोक्यावरून गेलाय.

दुसरं, नवखा आहे म्हणून किती दिवस सांभाळायचं? ह्यूस्टनच्या सी. जे. स्ट्राउडने पहिल्याच वर्षी टीमला प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) नेलं. केलबच्या मागोमाग, दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला जेडन डॅनियल्स वॉशिंग्टनला यंदा काय करतोय ते बघा. लोणच्याची उपमा छान आहे, पण काही कैऱ्या झाडावरच गोड असतात.

(नखांचं मात्र कुणी काढू नका. पोरगा नखं रंगवतो म्हणून मागच्या आठवड्यात एका ऑफिस ग्रुपवर दोनशे मेसेज झाले. त्याची आई नखं रंगवायचाच व्यवसाय करते, पोरगा लहानपणापासून ते बघत आलाय. नखांनी चेंडू डोक्यावरून जात नाही.)


डीसीकर
३० नोव्हेंबर, दुपारी १:१५

डॅनियल्सचं नाव निघालं म्हणून आलो. २७ ऑक्टोबरला वॉशिंग्टन-बेअर्स मॅचला मी लँडओव्हरच्या मैदानावर होतो. केलब मूळचा आमच्या भागातला, शाळा डीसीतली, त्यामुळे स्टेडियममध्ये त्याचेही बरेच लोक होते.

शेवटच्या अर्ध्या मिनिटात बेअर्स १५-१२ ने पुढे. आमचे लोक जिने उतरायला लागलेले. शेवटचा चेंडू. माझ्यापासून थोडं खाली, बेअर्सचा बचाववाला टायरिक स्टीव्हन्सन मैदानाकडे पाठ करून प्रेक्षकांना डिवचतोय, हात हलवतोय. चेंडू उचलला तरी याचं लक्ष आमच्याकडे! मग भानावर आला, धावत गेला, घोळक्यात उडी मारली, चेंडूला बोट लावलं आणि तो मागे एकट्या उभ्या असलेल्या नोआ ब्राउनच्या हातात अलगद पडला. ५२ यार्ड. १८-१५. शेजारच्या अनोळखी माणसाने मला उचललं. माझं वजन ९२ किलो आहे.

त्या दिवशी बेअर्स ४-२ होते हे लक्षात घ्या. तिथून घसरगुंडी सुरू झाली.

आणि एक गोष्ट. आमचा आक्रमणाचा कोच क्लिफ किंग्सबरी २०२३ मध्ये यूएससीला होता, म्हणजे केलबबरोबर. बेअर्सनी यंदा जानेवारीत त्याची मुलाखत घेतली होती. घेतलं कुणाला? वॉल्ड्रनला. आज किंग्सबरी डॅनियल्सला शिकवतोय.


नेपरव्हिलकर
३० नोव्हेंबर, रात्री १०:४०

@डीसीकर, ते ५२ यार्ड मी विसरायला तीन आठवडे घेतले होते. धन्यवाद हो.

@आकडेमोड, तुमचं म्हणणं चूक नाही. चेंडू जास्त वेळ धरतो हे खरंच. पण तो का धरतो? मी एक जुनी मॅच सांगतो. २६ सप्टेंबर २०२१, क्लीव्हलँड. जस्टिन फील्ड्सची सुरुवातीपासून खेळलेली पहिली मॅच. मी घरी पाच मित्र बोलावलेले, मिसळ केलेली. ९ वेळा लोळवला. सॅकमध्ये गेलेले यार्ड वजा केले तर दिवसभराचं पासिंग किती भरलं माहीत आहे? १ यार्ड. एक. मी पाणी प्यायला उठतो तेव्हा याहून जास्त चालतो. मिसळीचा कट तसाच राहिला, कुणी दुसऱ्यांदा घेतला नाही.

त्या दिवसानंतर फील्ड्सच्या डोळ्यांत मला एक सवय दिसायला लागली. चेंडू हातात आला की तो आधी पुढे बघायचा नाही, आधी बाजूला बघायचा, कोण येतंय. कुत्रा चावलेला माणूस गल्लीत शिरताना बघतो तसं. २०२२ मध्ये ५५ सॅक. मार्च २०२४ मध्ये पिट्सबर्गला दिला तो सहाव्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात. २०२१ मध्ये याच पोराला घ्यायला आम्ही पुढच्या वर्षाची पहिल्या फेरीची निवड जायंट्सना दिली होती.

म्हणून मला केलबची भीती वाटते ती चुकांची नाही. नऊ सॅकच्या मॅचनंतर दोन दिवसांत आक्रमणाचा कोच बदलला, ग्रीन बेविरुद्ध पोरगा पुन्हा उभा राहिला, शेवटच्या मिनिटात टीमला किकच्या टप्प्यात आणलं. किक अडवली गेली, १९-२० हरलो, ते सोडा. मिनेसोटाविरुद्ध मॅच ओव्हरटाइमपर्यंत ओढली. परवा १ यार्डावरून निघाला. म्हणजे अजून पुढे बघतोय. बाजूला बघायला लागला नाहीये. किती दिवस, ते माहीत नाही.


आकडेमोड
१ डिसेंबर, सकाळी ९:०५

हे पटलं. भर घालतो: एका हंगामात सर्वात जास्त सॅक खाल्लेला माणूस डेव्हिड कार, २००२, ह्यूस्टन, ७६. तोही पहिल्याच क्रमांकाची निवड, तोही पहिल्याच वर्षी. पुढे त्याचं काय झालं ते जाणकारांना माहीत आहे. केलब त्या दिशेने चाललाय.


चहाबाज
१ डिसेंबर, सकाळी ९:४०

मी आता रविवारी मॅच लावणार आहे. नवरा विचारतोय ताप आहे का.


नेपरव्हिलकर
शुक्रवार, २७ डिसेंबर २०२४, रात्री १:५०

आत्ता घरी आलो. पोराला नाताळची भेट म्हणून सोल्जर फील्डची तिकिटं काढली होती, सिअ‍ॅटलविरुद्धची, गुरुवार रात्रीची. पोरगा १८ नंबर जर्सी जाकिटाच्या वरून घालून, कारण आत घातली तर दिसणार कशी. वाढत्या अंगाची असल्याने जाकिटावरही आली.

नेपरव्हिलहून मेट्रा ट्रेन, पुढे बस, मग चालत. तळ्याकाठी ते जुने दगडी खांब उजेडात दिसले की पोटात अजूनही गलबलतं, टीम कशीही असो. स्टेडियम १९२४ सालचं, यंदा शंभर झाली त्याला. आत मात्र २००३ मध्ये नवीन भांडं ठेवून दिलंय.

३-६ हरलो. हो, तीन-सहा. कबड्डीतही पाच मिनिटांत याहून जास्त गुण होतात. केलबला ७ वेळा लोळवला. शेवटी आशा होती, तो शेवटचा चेंडू सिअ‍ॅटलच्या रीक वूलेनने पकडला. सलग दहावा पराभव.

पण सांगायचं ते वेगळंच. तिसऱ्या की चौथ्या सॅकनंतर सगळं स्टेडियम एका सुरात ओरडायला लागलं, "टीम विका! टीम विका!" पोराने मला विचारलं, "बाबा, विकली तर कुठे जाईल?" मी म्हटलं, कुठे नाही रे, मालक बदला म्हणताहेत. तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "मग केलबला पण विकतील?"

त्याच वेळी आमच्या खालच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईकडे माझं लक्ष होतं. अंगावर पेटनची ३४ नंबर जर्सी, रंग उडालेली. ती ओरडत नव्हती. केलब सॅक होऊन उठायला लागला की प्रत्येक वेळी टाळ्या वाजवायची. खेळाला नाही, उठल्याबद्दल. सातही वेळा. मी मोजलं.


पेठेतला_गोलकीपर
२७ डिसेंबर, दुपारी १२:३०

भावा, आजीला आमच्या तालमीकडनं नारळ-फेटा. आमच्याकडं बी गेल्या हंगामात सोळा-सतरा वर्षांचं पोरगं गोलात उभं केलतं, पाच गोल खाल्ले. पब्लिकनं आई-बहीण काढली. दुसऱ्या दिवशी पहाटे तालमीत वस्ताद त्याच्याआधी हजर. एक शब्द बोलला न्हाई, फकस्त बॉल मारत ऱ्हायला दोन तास. वस्ताद बदलला असता तर पोरगं परत आलंच नसतं मैदानात.


जुनाखोड
२७ डिसेंबर, संध्याकाळी ६:१५

टीम विका म्हणणाऱ्यांना सांगायचे आहे की मालकीणबाई व्हर्जिनिया मॅकॅस्की या जॉर्ज हॅलसच्या कन्या. वय १०१. हॅलसने १९२० साली ही टीम डेकेटर गावातल्या एका स्टार्च कारखान्याच्या नावाने उभी केली आणि पुढच्या वर्षी शिकागोत आणली. बाईंनी सगळे बघितले आहे. विकणार नाहीत. मीही विकणार नाही, कुणी विचारले तर. पण आक्रमण शिकवणारा एखादा चांगला माणूस पैसे टाकून आणायला काय हरकत आहे?


चीजवाला
रविवार, ५ जानेवारी २०२५, दुपारी ४:०५

लिहा. उशीर नको. मी ताट वाढून बसलोय.


नेपरव्हिलकर
५ जानेवारी, दुपारी ४:३०

ह्हाहाहाहा!

२४-२२! लॅम्बोमध्ये! तुमच्या अंगणात, तुमच्या चीजसमोर! डिसेंबर २०१८ नंतर पहिल्यांदा, तुमच्याकडून सलग ११ पराभवांनंतर!

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी: ५४ सेकंद राहिले असताना पॅकर्सनी किक मारून २२-२१ अशी आघाडी घेतली. माझ्या तोंडून निघालं, झालं पुन्हा तेच. पोरगा म्हणाला, "बाबा, टाइमआउट आहे आपल्याकडे." केलबने चेंडू पुढे नेला, वेळेवर घड्याळ थांबवलं (थांबवलं! वेळेवर!) आणि शेवटच्या क्षणी कैरो सँटोसची ५१ यार्डांची किक. चेंडू हवेत असताना घड्याळ शून्य. सौ. स्वयंपाकघरातून झारा घेऊन बाहेर आली, तिला वाटलं कुणी पडलं.


चीजवाला
५ जानेवारी, दुपारी ४:४४

आम्ही प्लेऑफमध्ये आधीच पोचलो होतो, लव्ह जखमी होऊन मध्येच बाहेर गेला, हे सगळं मी लिहिणार नाही. अभिनंदन. पोराला माझ्याकडून एक चीजचा तुकडा.


आकडेमोड
६ जानेवारी, सकाळी १०:२०

हंगामाचा हिशेब: ५ विजय, १२ पराभव. केलबचे पासिंगचे ३,५४१ यार्ड, बेअर्सच्या कुठल्याही नवख्यापेक्षा जास्त. २० टचडाउन, फक्त ६ इंटरसेप्शन (फेकलेला चेंडू समोरच्याने पकडला). आणि ६८ सॅक, यंदा लीगमध्ये सर्वात जास्त. बाकी टीमचा एका हंगामातला पासिंगचा विक्रम अजून एरिक क्रेमरचा, १९९५ चा, ३,८३८ यार्डांचा. या टीमकडून आजवर एकानेही एका हंगामात ४,००० यार्ड ओलांडलेले नाहीत. बाकी सगळ्या टीम्सकडे एक तरी माणूस आहे.


जुनाखोड
६ जानेवारी, सकाळी ११:००

काल मालकीणबाईंचा वाढदिवस होता. १०२ पूर्ण. पॅकर्सना हरवून दिले पोराने.


नेपरव्हिलकर
मंगळवार, २१ जानेवारी २०२५, रात्री ८:१५

धागा वर काढतो. नवा कोच: बेन जॉन्सन. डेट्रॉइटचं आक्रमण ज्याने बांधलं तोच. म्हणजे थँक्सगिव्हिंगला ज्याच्या टीमने आमची कोंबडी कडू केली, तो आता आमच्याकडे.

जुनाखोड काका, तुमचं ऐकलं बघा कुणीतरी. पण माझं गणित आठवतंय ना? फॉक्स गेल्यावर नॅगी आला तेव्हाही आम्ही असेच नाचलो होतो. नॅगीच्या पहिल्या वर्षी १२ जिंकल्या, आणि जानेवारी २०१९ ला फिलाडेल्फियाविरुद्ध आमच्या पार्कीची किक आधी खांबाला आणि मग आडव्या दांडीला लागली, हरलो. तेव्हाही ट्रुबिस्कीला नवा मास्तर दुसऱ्या वर्षीच मिळाला होता. त्यामुळे पेढे आणलेत, पण अर्धाच किलो.


चीजवाला
२१ जानेवारी, रात्री ८:४०

भिंतीचं काय करणार ते सांगा. मास्तर कितीही हुशार असो, शाळेला भिंत लागते.


नेपरव्हिलकर
२१ जानेवारी, रात्री ९:०५

तेच. मार्चमध्ये गडी विकत घ्यायची मुभा मिळते. तिथे गार्ड आणि सेंटर (भिंतीतलेच गडी) आणले तर मी उरलेले अर्धा किलो आणीन.


चहाबाज
२१ जानेवारी, रात्री ९:३०

आणि जर्सीचं काय? नाव नसलेली घेतली का?


नेपरव्हिलकर
२१ जानेवारी, रात्री ९:५०

नाही घेतली. पॅकर्सच्या मॅचनंतर पोराने १८ नंबर चार दिवस अंगातून काढलीच नाही, शेवटी झोपेत काढून मशीनला लावली. सौ.ने आज इस्त्री करताना मापून बघितली. बाही अजून कोपराच्या खालीच येते, खालचे टाके उसवलेले नाहीत.